खोली एक, पलंग तीन

पत्र असं आहे:

‘मी नोकरीनिमित्त अमेरिकेत राहते. सध्या माझी आई आणि सासूबाई दोघीही माझ्याकडे आल्या आहेत. नवऱ्याला सुट्टी मिळत नाही, म्हणून आम्ही तिघीच ऑरलँडोला डिस्ने वर्ल्ड बघायला जायचं ठरवलंय. मधला एखादा दिवस तिथल्याच युनिव्हर्सल या दुसऱ्या थीम पार्कसाठी. हॉटेल शोधायला बसले की डोकं गरगरतं. जी खोली उघडावी तिथे “चार जणांसाठी” असं लिहिलेलं असतं आणि पलंग मात्र दोनच. आई म्हणते, मी तुझ्याजवळ झोपेन. सासूबाई म्हणतात, मला काय, सोफासुद्धा चालेल. आईचे गुडघे दुखतात, ती रात्री दोन-तीनदा उठते. सासूबाईंची झोप फार सावध आहे आणि पहाटे चारला त्यांना जाग येते. मलाही दुसऱ्या कुणाबरोबर एका पलंगावर झोप लागत नाही, पण हे त्या दोघींसमोर बोलायची लाज वाटते. तिघींना तीन वेगळे पलंग अशी खोली मिळते का? की दोन खोल्या घ्याव्यात? आणि दोन घेतल्या तर कोणी कोणाबरोबर झोपायचं?’

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या लाजेबद्दल बोलते, कारण खोलीचा घोळ तिथूनच सुरू होतो. मोठ्या वयाच्या तीन माणसांना तीन पलंग हवे असणं हे कुठल्याही अर्थाने लाड नाहीत. त्या उद्यानांमध्ये सकाळपासून रात्रीच्या आतषबाजीपर्यंत माणूस पायांवर उभा असतो. रात्री झोप झाली नाही तर दुसऱ्या दिवशी दुपारीच तिघींचे चेहरे उतरतील आणि सहलीचं खापर उन्हावर किंवा रांगांवर फुटेल. आईंचे गुडघे आणि सासूबाईंची सावध झोप या दोन गोष्टी तुम्हाला आधीपासून माहीत आहेत. त्या माहीत असताना ‘बघू, तिथे गेल्यावर जमवून घेऊ’ म्हणणं मला पटत नाही. जमवून घेणारी व्यक्ती बहुतेक वेळा तीच असते जी ‘मला कुठेही चालेल’ म्हणते. तुमच्या पत्रात तशा दोघी आहेत आणि तिसऱ्या तुम्ही.

‘चार जणांसाठी’ या शब्दांवर अजिबात जाऊ नका. थीम पार्कच्या हॉटेलांची खोली आई, बाबा आणि दोन लहान मुलं डोळ्यांसमोर ठेवून आखलेली असते. जोडपं एका पलंगावर, पोरं दुसऱ्यावर, संपला हिशोब. तिथला नेहमीचा क्वीन बेड साधारण 152 सेंटीमीटर रुंद असतो. दोन मोठी माणसं झोपली की प्रत्येकीच्या वाट्याला 76 सेंटीमीटर येतात. अमेरिकेतला साधा एकेरी पलंग 97 सेंटीमीटरचा असतो. म्हणजे क्वीनवर दोघी झोपल्या तर प्रत्येकीला मिळणारी जागा एकेरी पलंगापेक्षाही कमी. डबल बेड तर 137 सेंटीमीटरचाच. म्हणून खोलीत किती माणसं मावतात हे वाचायचंच नाही. पलंग किती आहेत, कुठल्या मापाचे आहेत आणि त्यातले खरे किती, हे वाचायचं.

‘खरे किती’ हा प्रश्न महत्त्वाचा, कारण जाहिरातीत सगळ्यालाच बेड म्हणतात. डिस्नेच्या मधल्या दर्जाच्या काही हॉटेलांत, उदाहरणार्थ पोर्ट ऑर्लिन्स रिव्हरसाइडच्या ॲलिगेटर बायू भागात, दोन क्वीन बेड आणि शिवाय टीव्हीच्या खालच्या कपाटातून ओढून काढायचा एक छोटा पलंग असतो. कागदावर तीन पलंग झाले, पण तो तिसरा लहान मुलासाठी आहे. मोठ्या माणसाला त्यावर पाय लांब करता येत नाहीत. तो मोजू नका.

सोफ्यातून उघडणारा पलंग मोजायचा, पण कोणासाठी हे ठरवून. त्याची गादी पातळ असते, पाठीखाली आडवी दांडी जाणवू शकते, आणि मुख्य म्हणजे तो बुटका असतो. तीस-चाळिशीतल्या माणसाला एवढं काही वाटत नाही. गुडघे दुखणाऱ्या बाईला मात्र रात्री अंधारात त्यावरून उठायचं म्हणजे शिक्षा. तुमच्या सासूबाई ‘सोफा चालेल’ म्हणाल्या तरी सोफा त्यांना द्यायचा नाही, आईंनाही नाही. तो तुमचा.

मग राहतो तो तिसरा प्रकार, ज्याबद्दल लोक उगाच शंका घेतात: टेबल बेड. डिस्नेच्या स्वस्त वर्गातल्या हॉटेलांत, म्हणजे पॉप सेंच्युरी आणि तिन्ही ऑल-स्टार हॉटेलांत, नूतनीकरणानंतर नेहमीच्या खोलीत एक पक्का क्वीन बेड आणि एक भिंतीतून खाली येणारा क्वीन बेड असतो. दिवसा तिथे चार माणसांचं टेबल दिसतं. रात्री टेबलावरचं सामान उचलायचं, वरचं हँडल धरून खाली ओढायचं, की टेबल खाली दुमडतं आणि अंथरलेली गादी समोर येते. ही गादी पलंगाचीच असते, सोफ्याची नव्हे, आणि खाली भक्कम आधार असतो. त्यावर मोठं माणूस व्यवस्थित झोपू शकतं. अडचण एवढीच की तो खाली आला की खोलीत टेबल उरत नाही आणि चालायची जागा कमी होते. त्यामुळे रात्री उठणाऱ्या माणसाचा बाथरूमकडे जायचा रस्ता पहिल्याच संध्याकाळी मोकळा करून ठेवा. बॅगा भिंतीकडे, चपला पलंगाखाली.

हे तीन प्रकार समजले की शोध सोपा होतो. तुमच्या तिघींसाठी मी निःसंकोच सांगेन ती जागा म्हणजे डिस्नेच्याच आर्ट ऑफ ॲनिमेशन या हॉटेलातले फॅमिली सूट. हे हॉटेल 2012 मध्ये उघडलं आणि त्याचे मोठे तीन भाग अशा सूटचेच आहेत: कार्स, लायन किंग आणि फाइंडिंग नीमो. चौथा लिटल मरमेडचा भाग साध्या खोल्यांचा आहे, तो चुकून बुक करू नका. सूटमध्ये दार लावता येईल अशी वेगळी बेडरूम असते, त्यात क्वीन बेड. बाहेरच्या खोलीत एक टेबल बेड आणि एक सोफा बेड. म्हणजे पलंग तीन, आणि बाथरूम दोन. तीन बायकांना सकाळी उद्यान उघडायच्या आत बाहेर पडायचं असेल तर दुसरी बाथरूम तिसऱ्या पलंगाइतकीच मोलाची आहे.

आता या सूटमध्ये कोणी कुठे झोपायचं. तुमचा पहिला विचार असेल की आईंचे गुडघे दुखतात, तेव्हा बेडरूम आईंना. मी उलटं सांगते: बेडरूम सासूबाईंना द्या. सावध झोपेच्या माणसाला बंद दाराइतकं सुख दुसरं नाही. पहाटे चारला जाग आली तरी त्या दिवा लावू शकतील, त्यांचं आवरू शकतील, बेडरूमलगतची बाथरूम वापरू शकतील, आणि आपल्यामुळे कोणाची झोपमोड होईल या धास्तीने अंधारात पडून राहावं लागणार नाही. आई बाहेरच्या खोलीत टेबल बेडवर, तुम्ही शेजारी सोफ्यावर. रात्री त्या उठल्या तर तुम्ही हाताशी आहात आणि बाहेरची बाथरूम त्यांना जवळ आहे. शिवाय तुमच्या सासूबाईंना घरातली सगळ्यात चांगली खोली आपल्याला दिली हे कळेल, आणि आपल्या लेकीजवळ झोपायची आईंची इच्छाही एका अर्थी पुरी होईल.

आईंना टेबल बेडवर चढउतर जमेल का, ही शंका तुम्हाला येईल. पहिल्या संध्याकाळी त्यांना त्यावर बसवून बघा. जमत नसेल तर अदलाबदल करायला एक मिनिट लागतं, पण ती झोपायच्या वेळी नको, दिवसाउजेडी करा.

सूटची किंमत साध्या खोलीपेक्षा बरीच जास्त असते, हे खरं. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते: दोन खोल्या. लोक हा पर्याय ‘परवडणार नाही’ म्हणून आधीच बाजूला टाकतात, आणि तिथेच फसतात. स्वस्त वर्गातल्या दोन साध्या खोल्यांचं भाडं अनेकदा एका सूटपेक्षा किंवा महागड्या हॉटेलातल्या एका खोलीपेक्षा कमी पडतं. यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलांत खोलीचं भाडं दोन प्रौढांसाठी असतं आणि 18 वर्षं किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक जादा माणसामागे दर रात्री वेगळी रक्कम लागते. एका खोलीत तिघी राहिलात तर तिसरीचे पैसे भराल, दोन खोल्यांत विभागलात तर ते लागत नाहीत. दोन्ही आकडे त्याच तारखांसाठी शेजारी शेजारी लिहून बघा, अंदाजावर सोडू नका. (मुलं घेऊन जाणाऱ्या वाचकांसाठी इथेच सांगून टाकते: खोलीच्या भाड्यात 18 वर्षांपासून माणूस प्रौढ धरतात, पण उद्यानाच्या तिकिटात 10 वर्षांपासून. दोन्ही हिशोब वेगवेगळे करा.)

दोन खोल्या घेतल्याच तर मधलं दार असलेल्या जोडखोल्या मागा. मात्र साध्या ‘शेजारच्या’ खोल्या आणि आतून दाराने जोडलेल्या खोल्या यात फरक आहे. फोनवर नेमकं मधल्या दाराबद्दल विचारा. ही बहुतेक वेळा विनंती म्हणून नोंदवली जाते. पक्कं मिळेल असं स्पष्ट सांगितल्याशिवाय ते गृहीत धरू नका.

कोणी कोणाबरोबर, याचं उत्तर सगळ्यात अवघड आहे हे मला कळतंय. दोन विहिणी एका खोलीत आणि तुम्ही एकट्या दुसरीत, ही वाटणी दिसायला सोयीची आहे. तरी मी ती करणार नाही. एक रात्री उठणार, दुसरी त्या चाहुलीने जागी होणार, आणि दोघीही एकमेकींना ‘नाही हो, छान झोप लागली’ असंच सांगणार. दोघींनाही मन मोकळं करायला माणूस उरणार नाही. आई आणि तुम्ही एका खोलीत, सासूबाई शेजारी, हे झोपेच्या दृष्टीने बरोबर आहे. पण ते त्यांना विचारून, खोली बुक करायच्या आधी. तिथे पोचल्यावर सांगितलं तर मायलेकींनी आपल्याला वेगळं टाकलं असं त्यांच्या मनात येऊ शकतं. आधी विचारलं तर त्याच वाटणीचा अर्थ बदलतो. ‘आई, तुमची झोप सावध आहे आणि तुम्ही लवकर उठता. तुम्हाला स्वतंत्र खोली आवडेल की आमच्याबरोबर राहायला आवडेल?’ एवढंच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. त्या ‘काहीही चालेल’ म्हणाल्या तर पुन्हा एकदा विचारा. परक्या देशात खोलीत एकटं झोपायची त्यांना भीती वाटत असेल तर तेही याच वेळी बाहेर येईल, आणि मग दोन खोल्यांचा विषय संपवून सूटच घ्या.

खर्च करायची तयारी असेल तर आणखी एक चांगली सोय आहे. डिस्नेच्या महाग वर्गातल्या हॉटेलांत, पॉलिनेशियन व्हिलेज आणि ग्रँड फ्लोरिडियनसारख्या ठिकाणी, बऱ्याच खोल्यांत दोन क्वीन बेड आणि एक दिवाण असतो, तिथे त्याला डे बेड म्हणतात. दिवाणाची गादी सोफा बेडपेक्षा बरी असते. दोन पक्के पलंग दोघींना आणि दिवाण तुम्हाला, अशी ही खोली तुमच्या गरजेला अगदी बसते. पण बाथरूम एकच आणि सगळ्या एकाच खोलीत, म्हणजे पहाटे चारचा प्रश्न कायम. मोनोरेल या दोन्ही हॉटेलांतून थेट डिस्नेच्या मॅजिक किंगडम या उद्यानाला जाते, हा आईंच्या गुडघ्यांसाठी मोठा फायदा. आर्ट ऑफ ॲनिमेशनहून स्कायलायनर या रोपवेच्या पाळण्यांनी एप्कॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या उद्यानांकडे जाता येतं, वाटेत कॅरिबियन बीच या हॉटेलापाशी पाळणा बदलावा लागतो. मॅजिक किंगडमला तिथून बसने.

तुमचा युनिव्हर्सलचा एक दिवस आहे म्हणून सांगते. तीन मोठ्या माणसांसाठी अख्ख्या ऑरलँडोत मला सगळ्यात पटलेली खोली प्रत्यक्षात युनिव्हर्सलच्या बाजूला आहे. एंडलेस समर या त्यांच्या जोडहॉटेलात, म्हणजे 2019 साली उघडलेल्या सर्फसाइड आणि पुढच्या वर्षी आलेल्या डॉकसाइडमध्ये, दोन बेडरूमचे सूट आहेत आणि त्यात तीन क्वीन बेड आहेत. तिन्ही खरे पलंग, ना सोफा, ना टेबल. छोटं किचनेटही असतं. भाडंही त्यांच्या स्वस्त वर्गातलं. बाथरूम मात्र दोन असतील असं धरून चालू नका. गाडी भाड्याने घेणार असाल आणि युनिव्हर्सलला दोन-तीन दिवस देणार असाल तर मी डोळे झाकून हे घ्या म्हणेन. पण तुमचा बहुतेक वेळ डिस्नेत जाणार आहे, आणि रोज सकाळ-संध्याकाळ तेवढं अंतर गाडीने कापायचं म्हणजे दोघी ज्येष्ठांना दुपारी खोलीवर आणून झोपवायची सोय गेली. ती सोय सोडू नका.

इतर ठिकाणी जाणाऱ्यांचीही अशी पत्रं येतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. टोकियो डिस्नेच्या हॉटेलांच्या वर्णनात साधा पलंग, त्याच्या खालून ओढून काढायचा ट्रंडल बेड आणि सोफा बेड हे वेगवेगळे लिहिलेले असतात, त्यामुळे तिथे फसगत कमी होते. ट्रंडल बुटका असतो, तो तरुण माणसाला द्यावा. पॅरिसच्या डिस्नेच्या हॉटेलांत बहुतेक खोल्या दोन डबल बेडच्या. तिथे तिघांनी दोन खोल्यांचाच विचार आधी करावा. आणि लेगोलँड या मुलांच्या थीम पार्कच्या हॉटेलांत मुलांच्या कोपऱ्यातले दुमजली पलंग खरोखरच मुलांचे असतात, तिघा मोठ्यांनी त्या खोलीत पैसे घालू नयेत.

बुकिंग करताना प्रौढांची संख्या तीनच टाका. तिसरीचे पैसे वाचावेत म्हणून दोनच नावं देण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. तो मानू नका. आग लागल्यास किती माणसं बाहेर काढायची हे त्या नोंदीवर ठरतं. शिवाय डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना उद्यानात रोज अर्धा तास आधी प्रवेश मिळतो, तो नोंदीत नाव असलेल्यांनाच. गेटवर आई आत आणि सासूबाई बाहेर, असं झालं तर वाचवलेल्या पैशांचं काय करणार?

बुकिंग डिस्नेच्या स्वतःच्या साइटवर किंवा फोनवर करा. तिथे खोलीच्या प्रकारासोबत पलंग लिहिलेले असतात. बाहेरच्या स्वस्त साइटवर ‘बेडचा प्रकार उपलब्धतेनुसार’ अशी बारीक ओळ असते, आणि तुमच्या बाबतीत त्या एका ओळीवर सगळंच अवलंबून आहे. ती दिसली तर साइट बंद करा, कितीही स्वस्त असो.

पैसे भरून झाले की एकदा फोन करा आणि आईंसाठी दोन गोष्टी नोंदवायला सांगा: लिफ्टजवळची खोली, आणि टबऐवजी सपाट शॉवर. टबच्या काठावरून पाय उचलून आत जाणं दुखऱ्या गुडघ्यांना पलंगापेक्षाही जड जातं, आणि ते घरून निघताना कोणाच्या लक्षात येत नाही. पॉप सेंच्युरी आणि ऑल-स्टारच्या नव्या केलेल्या साध्या खोल्यांत बहुतेक ठिकाणी शॉवर असतो. सूटमध्ये दोनपैकी कुठल्या बाथरूममध्ये काय आहे ते विचारून घ्या. बेडरूमलगत शॉवर आणि बाहेर टब असं निघालं, तर आंघोळीपुरती आईंना आतली बाथरूम द्या. सासूबाईंना हेही आजच सांगून ठेवा.